परबबाईंची कवायत

परबबाईंच्या देखत कुणाला 'आराम करा' म्हणायची आमच्या चाळीत सोय नाही. एक वेळ शिवी चालेल.

माझं छातीचं ऑपरेशन झालं, केमोही संपली, तेव्हाची गोष्ट. डोक्यावर केस नव्हते, डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि घरातले मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नव्हते. माझी मावससासू शहाळी घेऊन बघायला आली आणि गळा काढून म्हणाली, "आता फक्त आराम कर हो, वंदना."

दार उघडंच होतं. गॅलरीतून जाणाऱ्या परबबाई थबकल्या आणि थेट आत आल्या.

"आराम? बरणीत आराम कोण करतं? लोणचं! तेसुद्धा मधनंमधनं हलवावं लागतं, नायतर बुरशी धरते."

मावससासू शहाळी ठेवून गेली, ती पुन्हा फिरकली नाही. पण खरं सांगते, मला त्या आजारपणात पहिल्यांदाच हसू आलं.

बाई म्युनिसिपल शाळेतल्या पीटीच्या शिक्षिका. निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. दूधवाल्याला शिट्टी, भाजीवाल्याला शिट्टी, जिन्यात थुंकणाऱ्याला तर लांबलचक शिट्टी. आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. शाळेतल्या एका मैत्रिणीला कॅन्सर झाला, तेव्हा तिला हॉस्पिटलात नेता-आणता तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडून त्यांनी सगळे व्यायाम शिकून घेतले. मैत्रीण बरी होऊन मुलाकडे नाशिकला गेली. बाईंनी मग चाळीच्या खालच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. आसपासच्या चाळींतून आमच्यासारखी माणसं येऊ लागली. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मात्र त्या कुणाला रांगेत उभं करत नसत.

"वंदना, भिंतीवर बोटांची मुंगी चालव. वर. अजून वर! मुंगी कधी दमून बसलेली बघितलीस?"

"बाई, दुखतंय."

"दुखतंय की ओढतंय? दुखलं तर थांब. ओढलं तर मला शिव्या घाल, पण वर चल."

मी मनातल्या मनात भरपूर घातल्या. आज वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा माझा मी काढते.

माझ्या शेजारी तावडेकाका असायचे. जबड्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांचं बोलणं अस्पष्ट यायचं. तेवढ्यावरून लोकांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं. ते समोर उभे, आणि माणसं त्यांच्या सुनेला विचारणार, "कसे आहेत हो ते?" ते! जसं काही कपाट दुरुस्तीला टाकलंय! बाई तिथल्या तिथे फैलावर घेत. "जबडा कापलाय, कान नाय कापले. त्यांना विचारा!" आणि लगेच तावडेकाकांवर घसरत, "तुम्ही काय हसताय? मान फिरवा!"

सगळं सुरळीत चाललं होतं, तर चाळकमिटीचे सेक्रेटरी मोरे हॉलची किल्ली मागायला आले. आधी म्हणाले, हॉलला रंग काढायचाय. बाईंनी नुसतं बघितलं. मग खरं बाहेर आलं.

"तसं नाय बाई. चाळीत पाहुणे येतात, मुलींची लग्नं जमवायची असतात. दारातच हे पेशंट लोक... बायकांच्या डोक्यावर केस नाहीत... बरं दिसत नाही."

आजही ते वाक्य आठवलं की माझ्या कानशिलांवरची शीर उडते. गणपतीची वर्गणी आम्ही दिलेली चालते, आमची डोकी चालत नाहीत!

बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे किल्ली मोरेंच्या हातावर ठेवली. "मोरे, तुम्हाला बरं दिसण्याची काळजी. आम्हाला बरं होण्याची. चला रे सगळे!"

आणि वर्ग भरला पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, बरोब्बर मोऱ्यांच्या दारासमोर. सकाळी पाणी भरायच्या वेळेला. वाळत घातलेल्या टॉवेलांमधून आमचे हात वर जायचे, बादल्या घेऊन येणाऱ्यांना वाट द्यायला आम्ही एका पायावर उभे राहायचो, आणि शिट्टीने तिन्ही मजले जागे व्हायचे.

मोऱ्यांची म्हातारी आई आधी दारातून डोकावली. मग उंबऱ्यावर येऊन बसली. एके दिवशी बघतो तर तीही हात वर करतेय.

"आई, तू कशाला?" मोरे ओरडले. "तुला काय झालंय?"

"सगळी करतत, मी काय पाप केलंय?" म्हातारीने सुनावलं. "गुडघे धरलेत माझे. तू कधी इचारलंस?"

त्याच संध्याकाळी किल्ली परत आली. पुढे रंगाचं कुणी नाव काढलं नाही.

दिवाळीनंतर तावडेकाकांचं दुखणं उलटलं. यावेळी ते उठणार नाहीत, हे घरातल्यांना कळलं होतं, आणि त्यांनाही. मी एका संध्याकाळी भेटायला गेले, तर परबबाई त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसलेल्या. तावडेकाकांचा हात स्वतःच्या हातात घेऊन एकेक बोट दुमडत होत्या, पुन्हा सरळ करत होत्या. अगदी हळू. सून म्हणाली, रोजच येतात.

मग धीर करून तिने विचारलं, "बाई, आता या व्यायामाचा काय उपयोग?"

मला वाटलं, आता हिची धडगत नाही. पण बाईंचा आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं.

"उपयोगासाठी नाय गो. दुसऱ्याचा हात असाच हातात घेऊन बसायला आपल्याला कोण देतंय? कायतरी निमित्त लागतं."

तावडेकाकांनी डोळे उघडले आणि त्यांची बोटं बाईंच्या बोटांवर मिटली. बाईंनी नाक ओढलं, पदर सारखा केला.

"झोपलात काय, तावडे? चला. दुसरा हात!"