बारशाचे मतदान फक्त पाखरूमध्ये उघडेल

पाळण्यासाठी छताला हुक शाबूत आहे का, हे सरलाबाई स्टुलावर चढून पाहत होत्या, तेव्हा श्रीपादराव कॉम्प्युटरसमोर बसून लोकशाही टाइप करत होते.

नात नऊ दिवसांची झाली होती. बारसे बाराव्या दिवशी, इथेच देवासच्या घरी. नावावरून घरात दोन पक्ष पडले होते. मुलीच्या आईवडिलांना, म्हणजे सून ऋजुता आणि मुलगा मनन यांना, 'गुंजन' हवे होते. श्रीपादरावांना 'यमुना'. यमुनाबाई ही त्यांची पणजी. ती धारहून मांडवपर्यंत घोड्यावर बसून गेली होती, असे घरात सांगत. घोडा कोणी पाहिला नव्हता.

"नाना, घरात माणसं चार. हात वर करून नाही होत का?" मनन म्हणाला.

"हात वर करताना माणूस दुसऱ्याचा हात बघतो. मतदान गुप्त पाहिजे. त्रेचाळीस नातेवाईक, एक फॉर्म."

"मग टाका ना ग्रुपवर. सगळे फटाफट भरून टाकतील."

"फॉर्म फक्त पाखरूमध्ये उघडेल."

"का?"

"कारण ब्राउझर निवडायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला पाहिजे."

बाळाला खांद्यावर घेऊन ऋजुता दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे निवडायला एकच आहे."

"सध्या," श्रीपादराव म्हणाले.

[ पाखरू आपल्याला मदत करू इच्छिते. हो / हो, पण नंतर ]

सरकारी कॉलेजात तेहतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्यावर श्रीपादरावांकडे एकच मत उरले होते, पण ते ठाम होते. कॉम्प्युटरबरोबर आलेला ब्राउझर वापरणे ही गुलामी आहे. "उद्या कॉम्प्युटरबरोबर पायजमा येईल, तोही घालाल?" असे ते सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना विचारत. मंडळींना पायजमा चालला असता, पण तसे कोणी म्हणत नसे. जगात कुठेतरी काही स्वयंसेवकांनी मिळून केलेला 'पाखरू' नावाचा ब्राउझर श्रीपादराव वापरत. त्यात बँक उघडत नसे. रेल्वेचे तिकीट अर्धेच दिसे. "अर्धं दिसतं, पण आपल्या मर्जीनं दिसतं," ते म्हणत. उरलेले अर्धे मनन त्याच्या फोनवर पाहून घेई.

फॉर्म तयार झाला. भाषा श्रीपादरावांच्या वडिलांच्या वेळची होती: 'इष्ट नामापुढील चौकटीत खूण करावी. अन्य नाम सुचवावयाचे असल्यास खाली लिहावे. निकाल सर्वांस बंधनकारक राहील.'

मननचे शिक्षण हिंदीत झालेले. तो एकेका शब्दावर बोट ठेवत खालपर्यंत आला आणि थांबला.

"नाना, यमुनावर टिक आधीच लागलेली आहे."

"ते उदाहरण आहे. खूण कशी दिसते हे लोकांना कळायला नको?"

याच श्रीपादरावांनी दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्राला पत्र लिहून, आधीच खूण केलेली चौकट म्हणजे दुसऱ्याच्या हाताने आपल्या तोंडात कोंबलेला घास, असे म्हटले होते. ते कात्रण कॉम्प्युटरच्या वरच भिंतीला चिकटवलेले होते. मननने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पण त्याचा वेग पाहून श्रीपादराव आत निघून गेले.

राहिली वाटी. या घरात बारशाला आत्या चांदीची वाटी आणते आणि वाटीवर बाळाचे नाव कोरलेले असते. ही आत्या म्हणजे मननची मोठी बहीण, ताई. ती धारला राहते, आणि वाटी धारच्या भूपेंद्र सोनाराकडे टाकलेली होती. श्रीपादरावांनी भूपेंद्रला फोन केला.

"मतदान उद्या बाराला बंद होईल. सर्वांत जास्त मतं मिळालेलं नाव तुमच्या फोनवर आपोआप येईल. जे येईल ते कोरायचं. मला विचारायचं नाही."

"आपको भी नी पूछना, भिया?"

"मला तर मुळीच नाही. माझा प्रभाव पडायला नको. मीसुद्धा निकाल पाळण्यासमोरच बघणार."

[ पाखरूला आपले ठिकाण जाणून घ्यायचे आहे. सांगा / थोड्या वेळाने सांगा ]

पहिला फोन अमझेऱ्याहून आला. मोरोपंतकाका, वय चौऱ्याऐंशी.

"श्रीपाद, ते पाखरू उतरवून घेतलं. आता ते विचारून राहिलंय की मी कुठे आहे. मी अमझेऱ्यालाच आहे. कोणाला पाहिजे?"

"परवानगी द्या, काका."

"कोणाला?"

"पाखराला."

"आणि नाही दिली तर?"

"तर ते पुन्हा विचारेल."

"मग विचारतंय कशाला?"

श्रीपादरावांनी विषय बदलून काकांच्या गुडघ्याची चौकशी केली.

काकांनी शेवटी फोन सुनेच्या, म्हणजे नीतूच्या हातात दिला. नीतूने परवानगी दिली, खूण केली, 'पुढे' दाबले. फॉर्म पुढे जाईना. अन्य नावाची चौकट ज्याला सुचवायचे त्याच्यासाठी ठेवलेली होती, पण श्रीपादरावांच्या हातून ती सर्वांना सक्तीची झाली होती. तिच्यात काही लिहिल्याशिवाय सुटका नव्हती. नीतूला वाटले, अडचण लिहायची जागा हीच. तिने लिहिले: 'खुल नी रिया है'. फॉर्म लगेच पुढे गेला. धन्यवाद म्हणाला, आणि खुणेऐवजी चौकटीतले शब्दच मत म्हणून मोजले.

इथून पुढे सगळे नियमाप्रमाणे झाले. आधीच्या माणसाने चौकटीत काय लिहिले ते पुढच्याला सुचवणे ही पाखरूची खास सोय होती. नालछ्याच्या मावशीने चौकटीवर बोट ठेवताच खाली आले: 'खुल नी रिया है'. मावशीचेही पुढे काही उघडत नव्हते. तिने त्यावर बोट टेकवले. राजगढच्या दोघांनी तेच केले. इंदूरच्या सहा जणांना फॉर्मचे मराठी कळले नव्हते, पण हे वाक्य कळले. एवढ्या मोठ्या फॉर्ममध्ये आपल्या मनातले कोणीतरी लिहून ठेवले आहे, याचा त्यांना आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी बाराला मतदान बंद झाले. धारला भूपेंद्रचा फोन वाजला. त्याने निकाल दोनदा वाचला, वाटी उचलली आणि शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, "आजकल लोग कुछ भी नाम रख रिये हैं, भिया."

मग चष्मा पुसून तो कोरायला बसला.

[ आपण पाखरूवर समाधानी आहात का? खूप / फार ]

बारशाला घर भरले. घुगऱ्यांची परात फिरली. ताई सकाळच्या बसने धारहून आली होती. वाटीची डबी तिने पिशवीत तशीच बंद ठेवली होती. श्रीपादरावांनी पाळण्याशेजारी टीपॉयवर लॅपटॉप मांडला आणि त्यालाही हळदकुंकू लावले.

"आधी वाटी," सरलाबाई म्हणाल्या.

ताईने डबी उघडली. भूपेंद्रने काम मन लावून केले होते. कडेने वेल, मध्ये दोन मोर आणि मोरांच्या मधोमध वळणदार अक्षरांत 'खुल नी रिया है'. 'है' जरा दाटीने बसला होता.

वाटी हातोहात फिरली. मोरोपंतकाकांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि विचारले, "हे मुलीचं नाव?"

"मला वाटलं, काही नवीन असेल," कोणीतरी मागून म्हणाले.

श्रीपादरावांनी घाईने निकाल उघडला. तो उघडण्याआधी पाखरूने तीन प्रश्न विचारले. त्यांनी तिन्हींना होकार दिला आणि वाचायला सुरुवात केली.

"एकूण मतदार त्रेचाळीस. मत दिलं एक्केचाळिसांनी. दोघांनी दिलं नाही, कोणी ते मी विचारणार नाही. 'खुल नी रिया है', सव्वीस. यमुना, सात. गुंजन, सहा. 'जय माताजी', एक. 'हो', एक."

"बंधनकारक लिहिलंय, नाना," मनन म्हणाला. "ते मी पूर्ण वाचलं होतं."

"हे नाव नाही, तक्रार आहे."

"सव्वीस जणांची आहे."

"तक्रारी बाद," श्रीपादराव म्हणाले. आवाज वर्गातलाच होता. "माताजी आणि होकारही बाद. उरलेल्यांत यमुना एका मतानं विजयी."

"सातमधली सहा मतं टिक काढताच आली नाही म्हणून पडलीत. चौकटीत नुसतं टिंब देऊन सुटले लोक. त्या सहांनी मलाच फोन करून विचारलं होतं, हे हटवायचं कसं."

"त्यांना हटवायचं स्वातंत्र्य होतं. त्यांनी ते वापरलं नाही."

सगळ्यांनी ऋजुताकडे पाहिले. बाळंतपणाच्या अकरा दिवसांत तिने नावाबद्दल एकदाही वाद घातला नव्हता, म्हणून आता ती रडेल असे बायकांना वाटले. ती बाळाच्या टोपड्याचा बंद सोडवत होती.

"मुलीला द्या इकडे," ताई म्हणाली.

बाळाला पाळण्याखालून आणि वरून देऊन झाले. ताई पाळण्यात वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेले, काही कुजबुजली, आणि रिवाजाप्रमाणे पाच बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले.

"ताई, निकाल यमुना..." श्रीपादराव म्हणत होते, पण बुक्क्यांचा आवाज मोठा होता.

ताई सरळ झाली, पाठ चोळली. "गुंजन," म्हणाली.

"अगं, मतदान झालंय."

"नाना, मला तुमचा फॉर्म मिळालाच नाही. म्हणजे मिळाला, उघडला नाही. मग मी आईला विचारलं."

"सरलेला?"

"मुलीच्या आईला."

बायका पेढ्यांकडे वळल्या. आत्याने कानात सांगितलेले नाव परत घेता येत नाही, एवढा नियम त्या घरात फॉर्मशिवाय सगळ्यांना पाठ होता. श्रीपादराव लॅपटॉपसमोर एकटे उरले. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला.

"ठीक आहे. पाळण्यात गुंजन म्हणा. पण कागदावर यमुनाच येईल. जन्माची नोंद मी स्वतः भरतो, आज, आत्ता."

ते टाइप करू लागले. पाखरूमध्ये एक पांढरे पान आले. मग आणखी एक पांढरे पान आले. त्यांनी पान ताजे केले. ते जास्तच पांढरे झाले.

ऋजुताने पेढ्याची बशी त्यांच्यासमोर ठेवली.

"नाना, नोंद झालीय. हॉस्पिटलातून लिंक आली होती, तिसऱ्या दिवशी. मी तिथेच पडल्या पडल्या भरली. गुंजनच लिहिलं."

श्रीपादरावांनी तिच्याकडे पाहिले, बशीकडे पाहिले, पांढऱ्या पानाकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मची नुसती कल्पनाही केली नव्हती. विचारण्यासारखे पुष्कळ होते. कोणाच्या परवानगीने, घरात सांगितले का नाही, नऊ दिवस गप्प कशी राहिलीस.

"कुठल्या ब्राउझरमध्ये भरलंस?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही, नाना. फोनमध्ये होता एक," ऋजुता म्हणाली. "उघडला."