खालच्या मजल्यावरचा अल्बम

शिंपीकाकांचा अल्बम गेला हे कळलं त्या दिवशी टेपरेकॉर्डरने गाणं मध्येच रडवलं आणि थांबवलं. झाकण उघडलं तर कॅसेटमधून फीतच फीत निघाली. दोन परकरांना गोट लागला असता एवढी. काकांनी ती पेन्सिलीने गुंडाळून पाहिली, सुरकुत्या जाईनात म्हणून इस्त्री फिरवली. इस्त्री फिरवायला नको होती.

बायको गेल्यापासून काकांना तेवढाच आधार होता. देवाधर्माचं त्यांना कधी जमलं नाही. संध्याकाळी शिलाईमशीन थांबवायचं, अल्बम लावायचा, डोळे मिटायचे. मन जागेवर यायचं.

दूर राहणाऱ्या मुलीने तोच अल्बम फोनवर धाडला, कुरिअरने एक स्पीकर पाठवला आणि फोनवरूनच शिकवणी घेतली.

"बाबा, स्पीकरचं नाव दिसतंय? त्यावर बोट ठेवा."

"एकच नाव आहे. ठेवलं."

"आता फोन ठेवते, गाणं लावा. ऐकू आलं नाही तर आवाज वाढवा."

काकांनी गाणं लावलं. स्पीकर मुका. आवाज वाढवला. मुकाच. शेवटपर्यंत वाढवला, तेव्हा खालच्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्यात कोणीतरी किंचाळलं. मागोमाग फरशीखालून ओळखीचा सूर आला.

काका मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून जिना उतरले. पेशंट कानांवर हात ठेवून बसले होते. डॉक्टर आपलं बोट चोळत भिंतीवरच्या स्पीकरकडे बघत होते.

"डॉक्टर, हा माझा अल्बम आहे!"

"मग घेऊन जा ना! मी दाताला हात लावला आणि हा ओरडला. पेशंट माझं बोट चावला!"

"तुम्हीच तो खाली ओढलात."

"काका, मी फक्त दात ओढतो."

तेवढ्यात काकांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी घाईघाईने तो कानाला लावला. मुलगी मात्र भिंतीतून बोलली.

"बाबा, लागला का? आणि खरं सांगा, आज जेवलात का? आईचा स्वेटर उशाला घेऊन झोपता ना अजून?"

"हळू बोल गं, हळू!"

"हळू कशाला? घरात दुसरं आहे कोण?"

"आम्ही आहोत की," गाल सुजलेल्या एक मावशी म्हणाल्या. "सगळा दवाखाना आहे. डॉक्टरपण आहेत."

मुलीने फोन ठेवला. गाणं थांबलं होतं तिथून आपोआप पुढे सुरू झालं. डॉक्टरांनी आवाज कमी केला, पण बंद केला नाही. मावशींनी पिशवी मांडीवर घेऊन शेजारची खुर्ची मोकळी केली.

"बसा हो. उभं राहून का ऐकायचं?"

काका बसले. डोळे मिटले. आत चावऱ्या पेशंटने जबडा सैल सोडला आणि त्याचा दात मुकाट्याने निघाला.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर.

"आज काय दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग तोंड मिटून बसा. ज्यांचं दुखतंय त्यांना ऐकू दे."

रविवारी मुलगी आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, तुम्ही हा स्पीकर चालूच केला नव्हता! खालच्या दवाखान्यातल्या स्पीकरच्या नावावर बोट ठेवलंत!" तिने सगळं नीट जोडून दिलं. खोलीभर स्वच्छ आवाज घुमला. काकांनी एक गाणं ऐकलं, "छान आहे" म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

सोमवारी ते फोन घेऊन खाली आले.

"स्पीकर बिघडला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या स्पीकरचं बटण दाबलं. मावशी होत्याच. त्यांच्या गालाची सूज केव्हाच उतरली होती.

काकांचं मशीन साडेसातला थांबतं आणि दवाखाना आठला बंद होतो. तेवढ्या वेळात अल्बमची पहिली बाजू ऐकून होते. बायकोची आवडती गाणी दुसऱ्या बाजूला आहेत. बायको गेल्यापासून काकांनी कॅसेट कधी उलटलीच नव्हती, ती गाणी ऐकायची राहिली आहेत.