जिभाऊंची चालती बाज

जिभाऊंना कुणी ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारलं की ते गाडीची तब्येत सांगत. ‘प्लग ओला शे,’ म्हणत, नाहीतर ‘काल दोन फटका मारात, मंग चूप.’ धानोऱ्याच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्या सकाळी मी नमस्कार करून त्यांना हाच प्रश्न विचारला आणि हे उत्तर ऐकून गार पडलो. मला वाटलं, गृहस्थांना छातीचा काहीतरी विकार असावा. पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होतो.

माझाही दोष नव्हता हो. मी सिन्नरकडचा, चोवीस वर्षांचा, आणि अहिराणीचा एक शब्द कानावरून गेलेला नाही. त्यात राहायला खोली मिळाली ती जिभाऊंच्याच घरची, पुढच्या अंगाला. जिभाऊ म्हणजे खानदेशात थोरला भाऊ. पण यांना म्हातारेकोतारेसुद्धा जिभाऊच म्हणत. पन्नाशीचे, काटक, अंगात खाकी अर्धी चड्डी आणि कानावर पेन्सिल. शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता त्यांना यंत्राचं वेड लागलं ते लागलंच. फाल्गुनात त्यांनी दारची बैलजोडी विकली आणि नंदुरबारच्या भंगारातून एका मोडक्या फटफटीचं इंजिन आणलं. शहाणा माणूस असं करतो का? मी तेव्हा नव्हतो म्हणून, नाहीतर आडवा पडलो असतो.

त्या इंजिनाला त्यांनी चार चाकं जोडली. पुढं हँडल, त्याखाली इंजिन, त्यामागं जिभाऊंची लाकडी बैठक, आणि मागं सहा फुटांची चौकट, तिच्यावर सुंभ विणलेला. चौकटीखाली धक्के खायला जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे. थोडक्यात, चाकांवरची बाज. गाव तिला ‘जिभाऊनी बाज’च म्हणायचं. धुराची नळी मात्र मागं न सोडता त्यांनी वळवून पुढं काढली होती, हँडलच्या बरोबर खाली, आ वासलेली. धूर सगळा चालवणाराच्या तोंडावर. मी म्हटलं, “जिभाऊ, ही नळी उलटी बसली.” ते म्हणाले, “धूर मांगे जावाले नको. सायन्स शे, गुरुजी, सायन्स!”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गावात कुणाला ताप आला आणि कुणी भगताला बोलवायला निघालं की जिभाऊ रस्त्यात उभे राहून ‘सायन्स शे’ म्हणून अडवत. मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच्या मागून चालत. टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे त्यांनी मला सात वेळा समजावलं. “दुसरं इंजिन चार दमनं, आपलं दोन दमनं. एक दम लेवाना, एक सोडाना.” मी मान डोलवायचो. कळत काही नव्हतं. पेट्रोलच्या सोळा भागांत एक भाग तेल मिसळायचं असतं, म्हणून माझी खोकल्याच्या औषधाची बाटली मापासाठी पळवली गेली, कारण तिच्यावर कंपाउंडरनं डोसांची कागदी पट्टी चिकटवली होती. खोकला माझा, माप गाडीचं!

एवढं करून ती बाज पंधराव्या-विसाव्या किकला चालू व्हायची, गावाला एक चक्कर मारायची आणि घरी यायची. कुणाचं काही अडत नव्हतं. पण श्रावण संपता संपता विमलचं पत्र आलं. विमल ही जिभाऊंची एकुलती एक मुलगी, सुरतेकडे दिलेली. सातवा महिना लागला होता, बाळंतपणासाठी माहेरी येत होती. शनिवारी दुपारच्या गाडीनं नंदुरबारला उतरणार. एस्टी पावसाळ्यात फाट्यापर्यंतच यायची, पुढं सगळा चिखल. जिभाऊंनी पत्र खिशात ठेवलं आणि जाहीर केलं, “पोरले बाजवरच आनसू.”

मंगळवारी पोळा होता. गावभर बैल रंगवलेले, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. जिभाऊ पहाटेच फाट्याकडे चालत गेले आणि नंदुरबारला जाऊन नवा प्लग घेऊन अंधार पडता परत आले. रिकाम्या गोठ्यासमोर दिवसभर बसवलं नसतं त्यांना, हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी आपला त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या हातच्या खापरावरच्या पुरणपोळ्या हाणत होतो.

बुधवारी सकाळी नवा प्लग बसवला आणि किक मारली. काही नाही. वीस झाल्या, चाळीस झाल्या. एकदा ‘फुस्’ झालं आणि संपलं.

“प्लग खराब,” सुकदेव लोहार म्हणाला. जुना प्लग परत घातला, तरी तेच. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, किक मारली, तर ठिणगी चांगली निळीशार पडत होती. मग उत्तम गिरणीवाला आला. तो म्हणाला, पेट्रोल येत नसणार. नळी काढली तर पेट्रोल त्याच्याच धोतरावर सांडलं. कार्बोरेटर उघडून रॉकेलनं धुतला, फुंकर मारमारून सुकदेवचे गाल दुखले. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर पोस्टकार्डाची कड घालून मोजलं. पोस्टकार्ड माझं, वडिलांना लिहिलेलं, अजून टाकायचं होतं. ते तेलाच्या डागांसकट गेलं आणि वडिलांचं उत्तर आलं की असल्या हॉटेलात जेवत जाऊ नकोस.

गुरुवारी निम्मं गाव अंगणात. प्रत्येकाचं निदान वेगळं. कुणी म्हणे तेल जास्त, कुणी म्हणे कमी. कुणी म्हणे अमावस्येला लोखंड विकत आणू नये. त्याला जिभाऊंनी सायन्स ऐकवलं. चार जणांनी ढकलली, सहा जणांनी ढकलली. ती निमूटपणे पाटलांच्या उकिरड्यापर्यंत जायची आणि तिथं उभी राहायची. मला सगळ्यात गोंधळात टाकलं ते या माणसांनी. बाजेला पोट धरून हसणारी हीच मंडळी शेतातली निंदणी सोडून चिखलात पालथी पडून तिच्या पोटाखाली का बघत होती?

काकू तेवढ्या दारातून हलत नव्हत्या. एरवी त्या बाजेला ‘सवत’ म्हणायच्या. त्या दोन दिवसांत त्यांनी तिला एकही शिवी दिली नाही. हेही मला विचित्र वाटलं.

शुक्रवारी दुपारी माझं डोकं फिरलं. खांदे भरून आले होते, शाळेत पोरं मला ‘क्लीनर’ म्हणायला लागली होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “जिभाऊ, पुरे झालं! गावात तीस बैलगाड्या आहेत. उद्या एक जुंपा आणि आणा लेकीला. माणसानं किती हट्ट करावा?”

जिभाऊंनी वर पाहिलं नाही. पॉलिश पेपरनं प्लग घासत होते, तो घासतच राहिले. सुकदेवनं माझं मनगट धरलं आणि मला रिकाम्या गोठ्याच्या मागं नेलं.

“गुरुजी, तुम्ही नवा शेतस,” तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी विमल अशीच येत होती, असाच सातवा महिना. जिभाऊ स्वतः बैलगाडी घेऊन गेले होते. वाटेत ओढ्याच्या उतरणीला चाक खड्ड्यात आपटलं. घरी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाळ गेलं, विमल वाचली, तेवढंच नशीब. तेव्हापासून जिभाऊ बैलगाडीत बसले नव्हते. फाट्यापर्यंत गेले तरी चालत.

मी म्हणजे शुद्ध गाढव! कुणाला काय बोललो मी? अंगणात परत आलो आणि आपला बाजेसमोर चिखलात उकिडवा बसलो. बसल्या बसल्या दिसलं की तांबड्या मुंग्यांची एक लांबच लांब रांग धुराच्या नळीत शिरत होती आणि दुसरी बाहेर येत होती. बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुंगीच्या तोंडात पिवळा कण.

“जिभाऊ,” मी भीत भीत विचारलं, “मुंग्या पेट्रोल खातात का?”

सगळे वाकले. सुकदेवनं आकड्याची तार नळीत घालून ओढली. पुरणपोळीचा लगदा आला. पुन्हा ओढली, पुन्हा आला. चांगल्या मोठ्या खापरावरच्या तीन पोळ्या, काठीनं ठासून भरल्यासारख्या. दम घ्यायला वाट होती, सोडायला वाट नव्हती. सातव्या धड्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

“हाई कोनी करं?” उत्तम ओरडला. आणि हसू फुटायच्या बेतात असताना माझी नजर दाराकडे गेली. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. दरवर्षी पोळ्याला घरधनीण बैलांचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी चारते. या वर्षी ताट तयार होतं आणि गोठ्यात कुणी नव्हतं. अंगणात ही बाज एकटी उभी होती, तोंड उघडं टाकून.

जिभाऊंनीही दाराकडे बघितलं. एकदाच. मग चड्डीला हात पुसत उभे राहिले आणि म्हणाले, “मीच चारी तिले. पोळाना दिन. मन्हा हातखाल.”

पोळ्याचा अख्खा दिवस हा माणूस नंदुरबारला होता, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. फाट्यावर त्याला सोबत करणारे दोघं तर तिथंच उभे होते. ज्यानं जन्मभर भगताला दारात उभं केलं नाही, मांजराला मान दिला नाही, त्यानं यंत्राला पुरणपोळी चारली म्हणे! सुकदेव म्हणाला, “बरं जिभाऊ. व्हस कवय कवय.” होतं असं कधी कधी, म्हणाला, आणि तार पुसायला लागला. कुणी हसलं नाही. मला मात्र रडू आलं, ते मी नाक शिंकरण्यावर निभावून नेलं.

संध्याकाळी पाणी भरताना काकू माझ्याशी आपण होऊन बोलल्या. “पोरले धक्का लागाले नको, इतलंच सांगं मी तिले,” बाजेकडे बोट करून एवढंच म्हणाल्या, आणि घागर उचलून गेल्या.

शनिवारी बाज तिसऱ्या किकला चालू झाली. ढकलायला कुणी हवं म्हणून मी बरोबर. स्टेशनवर विमल उतरली, सोबत तिचा धाकटा दीर. सुंभावर दोन गाद्या, वर गोधडी, त्यावर तिला निजवली आणि निघालो. तो प्रवास काय सांगू! बाज इतक्या सावकाश चालली होती की मी आणि दीर मागून सहज पायी येत होतो. बैलगाड्या आम्हाला मागं टाकून जात होत्या आणि गाडीवान खाली वाकून विचारत होते, काही मदत पाहिजे का. प्रत्येक खड्ड्याआधी जिभाऊ थांबत, इंजिन चालू ठेवून उतरत, काठीनं खोली बघत, मला दगड टाकायला लावत, पुन्हा बसत. ओढ्याच्या उतरणीला तर आम्ही तासभर दगड रचत होतो. तोंडावर धूर घेऊन घेऊन माणूस काळा ठिक्कर पडला होता. पण एकदाही त्यानं मागं वळून बघितलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. काकू भाकरतुकडा घेऊन दारात. जिभाऊ उतरले नाहीत, इंजिन बंद केलं नाही, हँडल दोन्ही हातांनी गच्च धरून समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, “विमल, काही दुखनं का, माय?”

उत्तर नाही.

“विमल?”

उत्तर नाही. काकू धावल्या, गोधडी बाजूला केली. विमलनं डोळे चोळले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, “आबा, घर उनं? माले झोप लागी गयी व्हती.”

जिभाऊंनी इंजिन बंद केलं. मग बसल्या जागी हँडलवर डोकं टेकून ते रडले, सगळ्या गल्लीसमोर, लहान पोरासारखे. थोड्या वेळानं मान वर करून त्यांनी मला जवळ बोलावलं. “गुरुजी, तुम्ही तं मांगेच व्हतात. ती कवयपाईन झोपेल व्हती?”

“स्टेशनपासून थोडं पुढं आलो तेव्हापासून, जिभाऊ.”

“मंग माले सांगं का नही?”

सबंध वाट मी तिला शांत झोपलेली बघत चाललो होतो, आणि त्यांना मागं वळून बघायची छाती होत नव्हती हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.