बाळारामदादांचा उजवा हात

बाळारामदादा आमच्या दुकानात येतात तेव्हा त्यांचा उजवा हात गळ्यात अडकवलेल्या पंच्याच्या झोळीत असतो. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काका, हात मोडला का?" दादा त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, "मोडला नाय. मोडू नये म्हणून ठेवलाय."

आमचं दुकान पेणला, रामवाडीत, हायवेच्या अंगाला. एका बाजूला मिक्सर, पंखे, गिझर; दुसऱ्या बाजूला ड्रिल, पाने, पकडी. गल्ल्यावर मी. आमचे हे दुरुस्तीच्या कामांना दिवसभर बाहेर, त्यामुळे दुकानात येणारी सगळी डोकेदुखी माझ्या वाट्याला येते. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे हे बाळारामदादा. राहतात जोह्याला, एकटे. लग्न केलं नाही. का, तर म्हणे, "बायको आली की नारळ सोला म्हणणार, लाकडं फोडा म्हणणार. मग हाताचं काय?"

आता हाताचं एवढं कौतुक कशाला, ते सांगते. जोह्याला घरोघर गणपतीचे कारखाने, आणि दादा तिथे आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचा कोणी भरतं, घासकाम कोणी करतं, रंग कोणी मारतं, पण डोळ्यांना कोणीही हात लावत नाही. सगळं झालं की दादा येतात, श्वास रोखतात आणि बारीक ब्रशने पापणीची रेघ ओढतात. ती रेघ केसभर इकडची तिकडे झाली तर देव रागावलेला दिसतो, नाहीतर झोप न झालेला. चाळीसेक वर्षं हा माणूस त्या केसभराच्या धास्तीत जगत आलाय. एसटीत दांडा धरायचा तर डाव्या हाताने. कोणी हस्तांदोलनाला हात पुढे केला तर हे दोन पावलं मागे. लग्नात अक्षतासुद्धा डाव्या हाताने टाकतात, त्यावरून एकदा वधूच्या आईने मांडवात चांगलंच झापलं होतं.

म्हणून घरात यंत्रं. हाताचं काम वाचवणारी जी वस्तू दुकानात येईल ती दादा घेणार. त्याचं मला काय, माझा धंदाच आहे. पण घेऊन गप्प बसतील तर ना! आठव्या दिवशी परत हजर. गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसायचं आणि म्हणायचं, "वयनी, मत द्यायला आलोय." आणि मत मला नाही, समोर जे गिऱ्हाईक उभं असेल त्याला.

त्यांच्या मताचे दोनच प्रकार. वस्तू एकतर 'सुखरूप', नाहीतर 'घातकी'.

वॉशिंग मशीनबद्दल, मुलीच्या लग्नासाठी खरेदीला आलेल्या एका बापाला, "कपडे धुते, मी नाय म्हणत नाय. पण पिळायला लागली की अशी नाचते! मी बाहेरून कडी लावून पडवीत बसतो. परवा चालत चालत दारापर्यंत आली. घातकी." बाप गेला तो गेलाच.

मिक्सरबद्दल, "झाकण दाबून धरा म्हणतात. का? आत वाघ हाय?"

भाजी कापायच्या यंत्राबद्दल, "कापतं झकास. पण पातं धुवायचं कोणी? मी धुतच नाय. नळाखाली ठेवतो न लांबून बघतो."

आणि कुकरबद्दल काय सांगू! शिटी व्हायची वेळ आली की हे अंगणात जाऊन छत्री उघडून उभे राहतात. ऊन असो, चांदणं असो. छत्री कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "झाकण उडालं तर येणार कुठून? वरनंच ना?"

एकदा मी वैतागून म्हटलं, "दादा, मत न देण्याचं काय घ्याल?"

"चहा," म्हणाले. चहा प्यायले, आणि मग आमच्या किटलीवर मत दिलं.

अशा माणसाने ड्रिल मशीन घेतलं, हेच खरं तर नवल. पण त्यांचा हिशोब वेगळा. ब्रश ठेवायला भिंतीत फळी ठोकायची होती, आणि हातोडीने खिळा ठोकायचा म्हणजे बोटावर बसायची भीती. ड्रिल परवडलं. मी चार वेळा चालवून दाखवलं, चारही वेळा ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, आणि शेवटी घेऊन गेले.

आठव्या दिवशी आले ते स्टुलावर बसलेच नाहीत. गल्ल्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वयनी, तुझ्या ड्रिलची थरथर माझ्या हातात शिरलीय. निघत नाय."

मी हसले. देवा, कशाला हसले! त्यांनी झोळीतून हात काढला आणि माझ्यासमोर धरला. चहाला उकळी आली की भांड्यावरचं झाकण हलतं ना, तशी बोटं हलत होती. बारीक, पण थांबत नव्हती.

"चार भोकं पाडली फक्त," दादा म्हणाले. "चारच गो. फळी बसवली न ब्रश घ्यायला गेलो तर हे असं."

मला रागच आला. म्हटलं, "काहीतरी काय बोलता! ड्रिल बंद केलं की थरथर बंद. आजवर इतकी विकली, कोणाच्या हातात शिरली नाही ती!" पण मनात आलं, हा माणूस जोह्याच्या कारखान्यात बसून सांगणार, रामवाडीच्या बाईने माझा हात घालवला. आणि खरंच तसं असलं तर? ते गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन ड्रिल लावलं, दहा मिनिटं हातात धरून ठेवलं, बंद केलं आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसले. थोडा वेळ मुंग्या आल्या, मग हात होता तसा झाला. तरीही पुढचे चार दिवस ड्रिल मागायला आलेल्याला मी 'माल संपलाय' म्हणून सांगितलं.

त्यानंतर दादांची मतं बदलली. आता ते प्रत्येक वस्तूवर आधी डावा तळवा टेकवून बघायचे. फ्रिज, "आतून गुरगुरतो. घातकी." पंखा, "हवेतनं येते थरथर. बंद कर गो." मग एक दिवस अंग चोळायचं मशीन घेऊन गेले. ड्रिलची थरथर जशी शिरली तशी उलट्या बाजूने दुसरी दिली तर पहिली बाहेर पडेल, असा त्यांचा हिशोब. आठव्या दिवशी मत आलं, "घातकी. दोन्ही एक झाल्या."

मी हसले नाही. कारण तोपर्यंत दादांनी कारखान्यात जाणं बंद केलं होतं. मालकांना सांगितलं, डोळे आलेत. दर दोन दिवसांनी नवीन निरोप. तिकडे फळ्यांवर रंगवलेल्या मूर्त्या ओळीने उभ्या, सोंड, मुकुट, शेला सगळं झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. बाहेरगावी पाठवायचा माल आधी निघतो, त्यामुळे मालकांचा जीव टांगणीला. आणि दादा आमच्या दुकानात बसून फ्रिजला हात लावत होते.

एका दुपारी मी त्यांना चहा दिला. कपबशी डाव्या हातात घेतली, आणि बशीवर कप वाजायला लागला. आम्ही दोघांनी तो आवाज ऐकला. मी म्हटलं, "दादा, डाव्या हाताने तर ड्रिल धरलं नव्हतं ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा असा झाला, की वाटलं आपण विचारायला नको होतं. माणसाला सगळं माहीत होतं. ड्रिल घेतलं त्याच्या आधीपासून माहीत होतं. हातोडीला भ्यायले ते उगाच नाही.

"कारखान्यात कोणाला बोलू नको गो," एवढंच म्हणाले.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर पेण नको. पेणात जोह्याची निम्मी माणसं भेटतात. शेवटी रोह्याला जायचं ठरलं. दुकान यांच्यावर सोपवून मी बरोबर गेले, कारण एकटा माणूस अर्ध्या वाटेतून परत आला असता. सगळ्या रस्ताभर त्यांचं चालू होतं. नस तुटली असेल. नस तुटली की हात वाळतो. वाळला की कापतात. "कुठून कापतात गो? कोपरातनं?" मी गप्प बसा म्हटलं.

दवाखाना नदीपलीकडे, अष्टमी गावात. डॉक्टर तरुण होते, शांत. दोन्ही हात पुढे करा म्हणाले, बोट नाकाला लावा म्हणाले, मग कागद आणि पेन पुढे केलं. "काका, एक गोल काढा. आतून बाहेर, चकलीसारखा."

हजारो देवांचे डोळे काढलेल्या माणसाने तो गोल काढला. मला बघवेना. सगळा दातेरी. दादांनी कागद उचलला, नीट घडी घातली आणि खिशात टाकला. डॉक्टरला दिलाच नाही.

"वयाबरोबर काही जणांना अशी थरथर येते," डॉक्टर म्हणाले. "जिवाला धोका नाही. गोळी देतो, कमी होईल. ड्रिलचा काही दोष नाही."

खोटं कशाला बोलू, ते ऐकून आधी मला माझ्या दुकानाचं हायसं वाटलं. मग लाज वाटली.

"किती कमी होईल?" दादांनी विचारलं. "केसाएवढी रेघ निघेल?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही, काका."

स्टँडवर जायला आम्ही पुलावरून चालत निघालो. मधेच दादा थांबले. खाली कुंडलिकेला भरती चढत होती. मी आपली समजूत घालायला गेले, "पोटापाण्याचं काय घाबरता? रंगकाम बघा. नव्या पोरांना शिकवा. तुम्हाला कोण उपाशी ठेवणार आहे?"

"पोटाचं नाय गो, वयनी." ते पाण्याकडे बघत म्हणाले, "बुब्बुळातला शेवटचा ठिपका टाकतो ना, तवा देव बघायला लागतो. न पहिला बघतो तो मला. मग तो कुठे जायचा तिकडे जातो, ट्रकात बसतो, विमानात बसतो. पण पहिला मला बघून जातो. घरी मला बघायला कोण हाय? इतकी यंत्रं भरलीत, त्यातलं एक तरी बघतं का?"

  मला रडू आलं, ते दुसरीकडे तोंड करून आवरलं.

महिनाभर गोळ्या झाल्या. थरथर कमी झाली, गेली नाही. दादा ब्रशला शिवायला तयार नाहीत. मालकांनी दुसरा आखणीवाला बघितला, मूर्त्या निघून गेल्या. मग मीच एक दिवस जोह्याला गेले, कारखान्यातून आमच्या घरासाठी बिनडोळ्यांची फूटभर मूर्ती घेतली आणि थेट दादांच्या ओटीवर नेऊन ठेवली. "आखा."

"वाकडा आला तर?"

"आमच्याच घरी बसणार आहे. तुमची वाकडी मतं इतकी वर्षं ऐकतेय, त्यात हे एक."

खूप वेळ नाही नाही म्हणाले. मग उठले. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. घड्याळ उचलून न्हाणीत ठेवलं. मला बांगड्या काढायला लावल्या. दार लावून घेतलं. आणि बसले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला, तसा मीही रोखला. देवासमोर बसून देवाचीच एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

एक डोळा झाला. सुंदर झाला. दुसऱ्याची पापणी ओढली, तीही बरी आली. शेवटचा ठिपका टाकायला ब्रश टेकला आणि हात उडाला. बुब्बुळ जरासं कडेला गेलं. त्याला जुळवून घ्यायला त्यांनी पहिलं पण सरकवलं. मग ब्रश टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "बिघडवला गो. बिघडवला मी त्याला."

मी मूर्ती उजेडात धरून बघितली. देव समोर बघत नव्हता. जरा डावीकडे बघत होता, दारात कोणी आलंय का ते बघावं तसा. मी म्हटलं, "आता हा परत मागितलात तरी मी द्यायची नाही."

चतुर्थीला तोच बसवला.  जाऊबाईंनी विचारलंच, "बाप्पा असा तिकडे कुठे बघतोय?" मी म्हटलं, "त्याला बघायचंय तिकडे बघू दे."

दुपारी दादा आले. दारातच घुटमळले. मी पुढे होऊन त्यांना आत घेतलं, मखरासमोर मधोमध खुर्ची मांडली. ते बसले नाहीत. मूर्तीकडे नीट बघितलं, मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली. मग खुर्ची ओढून खिडकीच्या बाजूला घेतली, दोन वेळा मागेपुढे केली आणि बसले. बरोबर त्या नजरेत.

आरतीला सगळे उभे राहिले, पुढे सरकले, मला दादांना म्हणायचं होतं इकडे पुढे या म्हणून. पण मी म्हटलं नाही. प्रसाद त्यांना तिथेच नेऊन दिला.