दगूनानांचा दुपारचा उपास

आमचे शेजारी दगूनाना उन्हाळ्यात दुपारचे जेवत नसत, आणि त्याविषयी विंचूरच्या चहाच्या टपरीवर जे सांगितले जाते ते धादांत खोटे आहे. कोणी म्हणतो नवस, कोणी म्हणतो चिकटपणा. सर्वांत निर्लज्ज आवृत्ती अशी, की सून सुनंदा म्हाताऱ्याला जेवायला घालत नाही. मी भिंतीला भिंत लावून राहतो. खरे काय ते मला विचारावे.

नानांची ब्रॉयलर कोंबड्यांची पोल्ट्री आहे. ऊन तापले की पाखरे धापा टाकतात. भरल्या पोटी अंगातली उष्णता आणखी वाढते, म्हणून दुपारी त्यांच्यापुढचे खाद्य उचलतात. संध्याकाळी गारव्याला खाद्यात पचनाला मदत करणारी एन्झाइमची भुकटी मिसळतात. मग थोडे खाल्लेलेही अंगी लागते. नाना त्या भुकटीला 'मदतनीस' म्हणतात. तिची महती ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात. "नुसतं रांधू नका," असे आचाऱ्याला बजावतात, "पोटाला मदतनीस दिला का ते बघा."

गेल्या वैशाखात टपरीवर त्यांच्यादेखतच कोणी सुनंदाचे नाव काढले. मी बाह्या सरसावल्या, तोच नाना खाली मान घालून म्हणाले, "पोरीला बोलू नका. पाखरांपुढचं खाद्य मीच उचलतो. मंग मला घास उतरत नाय."

"नाना, मंग तुम्हीबी ती भुकटी घ्या की," बाकावरून कोणीतरी म्हणाला.

सगळी टपरी हसली. नानांचे कान लाल झाले.

परतल्यावर मी सुनंदाला मोठ्या तोऱ्यात सांगितले, की सासऱ्याने आज तुझी बाजू राखली. ती ओट्यावर कांदे निवडत होती.

"राखली तर राखली, आबा," ती म्हणाली. "पण ते जेवल्याबिगर मी कशी जेवू? माझाबी उपासच चालतो."

नाना माझ्या मागेच उभे होते. टपरीवर झुकली नव्हती इतकी त्यांची मान आता झुकली. भिंतीपलीकडच्या मलाही हे ठाऊक नव्हते, हे लिहिताना लाज वाटते.

"आधी का नाय बोलली?" नानांनी विचारले.

"तुम्हालाच घास उतरत नव्हता. काय बोलू?"

हल्ली नाना दुपारी जेवतात. म्हाताऱ्याचे खूळ गेले, असे टपरीवर म्हणतात. तेही खोटे. ते पोल्ट्रीकडे पाठ करून बसतात, आणि सुनंदाने पहिला घास घेतल्याशिवाय ताटाला हात लावत नाहीत.