खानोलकर काकांचे सहा तासांचे चणे

खानोलकर काकांनी मला पहिल्यांदा चणे दिले, तेव्हा भांड्याच्या झाकणावर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'चिडकी'.

अमेरिकेत शॉमबर्गला त्यांच्या समोरच्या घरात राहायला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यात आम्ही एकदाच बोललो होतो. माझा कचऱ्याचा डबा चुकीच्या जागी आहे म्हणून त्यांनी आवाज चढवला होता, आणि मीही चढवला होता. मी भांडं घेऊन तशीच त्यांच्या दारात गेले.

"काका, हे काय लिहिलंय?"

"मग काय 'गोड मुलगी' लिहू? चिडक्या माणसाला कांदा दुप्पट, लिंबू शेवटी, मिरी अजिबात नाही. खा आणि सांग."

खाल्ले. उत्तम होते. त्याचाच जास्त राग आला.

पदार्थ मूळचा ग्रीक. काबुली चणे भिजवायचे, मातीच्या भांड्यात कांदा, तमालपत्र आणि ऑलिव्ह ऑइल घालून मंद ओव्हनमध्ये सहा तास ठेवायचे, संपलं. पण आयुष्यभर पूल बांधून रिटायर झालेल्या काकांच्या मते प्रत्येक माणसाचा 'लोड' वेगळा. आळशाला आलं आणि मिरी. कंजूषाला तेल जास्त, "निदान जिभेला तरी सवय लागू दे." थापाड्याला नुसतं मीठ, "लपायला जागाच ठेवायची नाही." मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांनी अशी पाच भांडी नावानिशी मांडली. अध्यक्षांच्या भांड्यात नुसतं मीठ होतं. पुढच्या पॉटलकच्या आधी काकांना ईमेल आला : 'तुम्ही फक्त पेपर प्लेट्स आणा.'

"कुकरमध्ये नाही का होत, काका?" असं माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं.

"सहा तास धीर नाही? मग लग्न कशाला केलंस?"

त्यांचं खरं वैर मात्र शेजारच्या स्टाव्रोसशी. हा जाड भुवयांचा म्हातारा ग्रीक, घरांची छपरं घालून रिटायर झालेला. चणे मूळचे त्याच्या आईचे. त्यानेच काकांना शिकवले आणि पस्तावला. दर रविवारी ओव्हनचा वास सुटला की तो कुंपणाशी येऊन उभा राहायचा.

"जिंजर? इन माय मदर्स फूड?"

"युअर मदर नेव्हर मेट माय नेबर्स!"

स्टाव्रोसचं म्हणणं, साऱ्या गावाला एकच भांडं. चण्याने माणूस बघायचा नसतो. काकांचं म्हणणं, म्हणूनच तुमच्या गावात कोणी सुधारलं नाही. एकदा माझा ऑफिसचा कॉल चालू असताना त्यांचा आरडाओरडा ऐकून मॅनेजरने काळजीने विचारलं, पोलिसांना बोलवायचं का? मी खिडकी लावून घेतली. काकू गेल्यापासून काकांशी नेमाने बोलणारा स्टाव्रोस एकटाच होता, ओरडून का होईना.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता स्टाव्रोसला स्ट्रोक आला. मुलगी दूर राहायची. हॉस्पिटलात दीड महिना काढल्यावर तिने त्याला पंधरा मिनिटांवरच्या नर्सिंग होममध्ये ठेवलं. तो बसायचा, डाव्या हाताने जेवायचा, पण शब्द नाही. कोणाकडे बघायचाही नाही. काका मुलीवर चिडले, डॉक्टरांवर चिडले, तिथल्या मॅश्ड पोटॅटोवर चिडले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून दर रविवारी मी ड्राइव्ह करायची.

पहिल्या रविवारी काकांनी चणे अगदी त्याच्या आईच्या पद्धतीने केले होते. काही म्हणजे काही बदललं नव्हतं. स्टाव्रोसने चार घास खाल्ले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. परत येताना काकांनी गाडीच्या डॅशबोर्डवर मूठ आपटली.

"मुकाट्याने खाल्लं! गाढव! तो मुकाट्याने खाणारा माणूस आहे का?"

दुसऱ्या रविवारी आलं घातलं. तेही त्याने मुकाट्याने खाल्लं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी झाकण काढलं आणि मी दचकले. पिवळेधमक चणे, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, वर खोबरं आणि चक्क गूळ.

"काका, काय केलंत हे?"

"गप्प बस."

स्टाव्रोसने चमचा तोंडात घातला. चावता चावता थांबला. भांड्याकडे बघितलं, मग काकांकडे. भुवया एकमेकींना भिडल्या, चेहरा लाल झाला, आणि डाव्या हाताने त्याने बशी उडवून दिली. चणे साऱ्या फरशीवर.

"ओही!"

ग्रीकमध्ये 'नाही'. दोन महिन्यांतला त्याचा पहिला शब्द. मग पुन्हा, त्याहून मोठ्याने, "ओही! ओही!"

"येस!" काका गरजले. "शुगर! आय पुट शुगर! व्हॉट विल यू डू?"

नर्स धावत आली. "सर, तुम्ही त्यांना त्रास देताय. प्लीज बाहेर जा."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंडाने मालवणी शिव्या चालू होत्या. नर्सने माझ्याकडे बघितलं.

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "दोघांना भांडू द्या."

स्टाव्रोस ओरडतच होता. पण त्या डाव्या हाताने त्याने काकांची बाही घट्ट धरली होती, आणि काका ती सोडवत नव्हते.