आंघोळीला चाललोय

मेलबर्नजवळ टार्निटला राहत होतो तेव्हा माझा दिवस ऐंशीला टेकलेल्या एका पुरुषाच्या आंघोळीने सुरू व्हायचा.

सकाळी सातच्या सुमारास मी उभ्याउभ्या चहा पीत असे. स्टेशनच्या पार्किंगमध्ये जागा मिळणार, की आजही गाडी कुठेतरी गवतावर चढवून दंडाची वाट बघायची, हा विचार डोक्यात असे. तेवढ्यात फोन वाजायचा. शेजारच्या ढमढेरेकाकांचा मेसेज. "आंघोळीला चाललोय."

मी उत्तर द्यायचो. मग थांबायचो. चहा निवायचा, ट्रेनची वेळ जवळ यायची. आणि मग दुसरा मेसेज यायचा. "झाली." त्यानंतरच मी बूट घालायचो.

"लोकांना सकाळी सुविचार येतात," मधुरा, म्हणजे माझी बायको, म्हणायची. "आपल्याकडे ही बातमी येते."

याची सुरुवात काकू गेल्या तेव्हा झाली. दिवसकार्य उरकलं, त्यांचा मुलगा प्रसाद पर्थला परत गेला, आणि एका संध्याकाळी काका आमच्या दारात उभे. हातात चावी.

"ही कढीपत्त्याच्या कुंडीखाली ठेवणार आहे. जागा बघून घे."

"कशाला काका?"

"मी पडलो तर."

"कुठे?"

"बाथरूममध्ये. आपल्या वयाची माणसं तिथेच पडतात."

'आपल्या' हा शब्द मला लागला. मी तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे होतो आणि केस रंगवत होतो.

"प्रसादचा फोन रविवारी येतो," काका शांतपणे म्हणाले. "सोमवारी पडलो तर पुढच्या रविवारपर्यंत मी तिथेच. बरं दिसतं का ते? म्हणून सिस्टीम करायची. आत जाताना तुला कळवणार, बाहेर आलो की कळवणार. दुसरा मेसेज आला नाही तर चावी घ्यायची आणि यायचं. तयारीत असावं माणसानं."

"तयारीत असावं" हे त्यांचं पालुपद. मेलबर्नच्या एका मोटारींच्या कारखान्यात काकांची उमेदीची सगळी वर्षं सेफ्टी सुपरवायझर म्हणून गेली. कारखाना बंद पडला, सुपरवायझर चालूच राहिला. गणपतीच्या आरतीला हॉलमध्ये शिरले की सगळे मूर्तीकडे बघायचे, काका इमर्जन्सी एक्झिट शोधायचे. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा तीर्थ घेता घेता मला म्हणाले, "समईच्या मागे पडदा आहे. कथा संपेपर्यंत मी इथेच उभा राहतो." आणि राहिले. पाचही अध्याय.

तर मेसेजची सिस्टीम सुरू झाली. पहिल्या दिवशी मी उत्तर म्हणून अंगठा पाठवला. लगेच फोन.

"हे काय आहे?"

"अंगठा, काका. म्हणजे कळलं."

"अंगठा नको. हं लिही."

"ओके लिहितो."

"ओके पण नको. हं. ह, वर टिंब."

माझ्या फोनला मराठी येत नव्हतं. एका आंघोळीसाठी मी ते शिकवून घेतलं. मग रोज: आंघोळीला चाललोय, हं, झाली. नवराबायकोतसुद्धा इतका नियमित संवाद आमच्या वस्तीत दुसरीकडे कुठे होत नसावा.

प्रसादने वडिलांसाठी गळ्यात घालायचं एक बटण पाठवलं होतं. पडलात की दाबा, कुणीतरी बाई बोलते, गरज असेल तर अॅम्ब्युलन्स पाठवते. काकांनी आल्या आल्या ते दाबून पाहिलं. बाईने विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?" काका म्हणाले, "अगदी. तुम्ही कशा आहात?" तिने सांगितलं, मीही मजेत. दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मी नंतर पाहिलं तर ते बटण देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या गळ्यात होतं.

"काका, हे तुमच्यासाठी आहे."

"रांगता आहे तो. पडायची शक्यता त्याची जास्त."

"प्रसादला कळलं तर?"

"ती बाई चांगली आहे रे. पण ती मी दाबल्यावर बोलते. न दाबता बोलेल तर उपयोग."

मला तेव्हा हे त्यांचं नेहमीचं तिरपागडं बोलणं वाटलं.

प्रसाद त्यांना पर्थला बोलवायचा. काका एकदा जाऊन महिनाभर राहून आले. "घर उत्तम," म्हणाले. "बाथरूममध्ये धरायला दांडा लावलाय माझ्यासाठी. नातवंडं गोड आहेत. पण घरात सगळे कानात काहीतरी घालून फिरतात. मी एकटाच कान उघडे ठेवून. मग म्हटलं, एकटंच राहायचं तर आपल्या घरात राहू."

मला पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा सरकारकडून आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं पाकीट पोस्टाने आलं. शौचाचा नमुना घरीच घ्यायचा आणि परत पोस्टात टाकायचा. वाढदिवसाला मिळालेली ही एकमेव गोष्ट जी मी मागितली नव्हती आणि बदलूनही मिळत नव्हती. मी ते कपाटात दडवून ठेवलं. काकांना कसं कळलं कोण जाणे, दाराशी येऊन माझा हात हातात घेतला. "अभिनंदन. आता खरा आमच्यात आलास. लाजू नकोस, आजच करून टाक. तयारीत असावं."

आणि मग ती सकाळ. "आंघोळीला चाललोय" आला, मी "हं" पाठवला, आणि "झाली" आलाच नाही. चहा निवला. मी दुसरा केला, तोही निवला. फोन लावला, कुणी उचलेना. मी धावत सुटलो. कढीपत्त्याची कुंडी थंडीमुळे काकूंच्या एका जुन्या शालीत गुंडाळलेली होती. ती उचलून चावी काढली. कुलूप उघडून आत शिरलो, "काका! काका!" असं ओरडत बाथरूमपर्यंत गेलो.

काका किचनमध्ये टोस्टला लोणी लावत होते.

"आलास? वेळ चांगली आहे," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "पण एका पायात बायकोची चप्पल आहे तुझ्या. त्याने तूच पडशील."

"काका, मेसेज?"

"ड्रिल होती. कारखान्यात आम्ही न सांगताच घ्यायचो. सांगून घेतली तर सगळे छान वागतात."

मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते टोस्ट खात ऐकून घेतलं आणि अर्धा टोस्ट माझ्यासमोर सरकवला. "कुणीतरी येतं, हे एकदा बघायचं होतं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी माझी ट्रेन गेली ती गेलीच.

पुढे मधुराला ब्रिस्बेनला नोकरी लागली. चांगली, तिला हवी होती तशी. तिथे स्प्रिंगफील्ड लेक्सला घर बघितलं. आमच्या पंधरा वर्षांच्या इराने "व्हॉटेव्हर" म्हणून मान्यता दिली. सगळं ठरलं, फक्त काकांना सांगायचं राहिलं. ते माझ्याकडे आलं, कारण मधुरा म्हणाली, "तुझ्याकडेच त्यांची आंघोळ आहे."

रोज सकाळी मी ठरवायचो, आज "हं"च्या पुढे लिहायचं. हं, पण काका, आम्ही जातोय. रोज नुसताच "हं" जायचा.

शेवटी एका शनिवारी दुपारी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गेलो. वाईट बातमी गोडाबरोबर द्यावी, असा विचार. काका बागेत खत पसरत होते, कोपरापर्यंत काळे झालेले.

"बस. अंगावर पाणी घेऊन येतो, मग चहा टाकतो."

मी सोफ्यावर बसून वाक्य जुळवायला लागलो. खिशातला फोन वाजला. "आंघोळीला चाललोय."

बघतो तर काका समोर पॅसेजमध्येच उभे. खांद्यावर टॉवेल, हातात फोन, नजर फोनवर. नियम म्हणजे नियम. मला मनात हसू आलं. माझं चित्त त्या वाक्यात अडकलेलं, फोनवर टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून मी डब्याकडे बघतच, मान वर न करता, तोंडानेच म्हणालो, "हं."

पॅसेजमध्ये काही हललं नाही. मग बऱ्याच वेळाने बाथरूमचं दार लोटल्याचा आवाज आला. शॉवर सुरू झाला आणि चालूच राहिला. एरवी हा माणूस शॉवरखाली बादली ठेवून सुरुवातीचं गार पाणी झाडांना घालतो, आम्हाला पाण्यावरून व्याख्यानं देतो.

ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"साबण गेला," मी न विचारताच म्हणाले.

चहा टाकला. माझ्याकडे पाठ करून आलं किसता किसता बोलायला लागले.

"ती असंच म्हणायची. मी टॉवेल घेऊन पॅसेजमधून ओरडायचो, आंघोळीला चाललोय गं. ती किचनमधून म्हणायची, हं. मान पण वर करायची नाही. भांडण असलं, अबोला असला, तरी तेवढं म्हणायचीच. ती गेल्यावर सगळे आपापल्या घरी गेले, आणि मी सकाळी सवयीने ओरडलो. मग तिथेच उभा. आत जाताच येईना. दोन दिवस आंघोळ केली नाही, मिलिंद. कारखान्यात मी लोकांना हेल्मेट घाला, हेल्मेट घाला म्हणून ओरडायचो, आणि इथे मला पॅसेज ओलांडता येईना."

"आणि ते पडण्याचं?"

"ते नंतर सुचलं. तुला काय सांगणार होतो, माझ्या आंघोळीला हं म्हणत जा? सेफ्टी म्हटलं की माणसं पुढे काही विचारत नाहीत. आयुष्यभराचा अनुभव आहे."

चहा कपात ओतून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. माझं वाक्य अजून जुळत नव्हतं.

"बरं, तुम्ही कधी निघताय?" काकांनी विचारलं.

उचललेला कप मी परत खाली ठेवला.

"राहायला आल्यापासून तू लॉन धड कापलं नाहीस. गेल्या आठवड्यात कडासुद्धा कापल्यास. घर विकायला काढल्याशिवाय माणूस असं करत नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी पोळी खाल्ली, चांगली झालीये म्हणाले. मी म्हणालो, "काका, तिथून मला धावत येता येणार नाही."

"माहीत आहे. धावायला दुसरं माणूस बघू. पळणारी माणसं या देशात पुष्कळ आहेत. सकाळी रस्त्यावर बघ, कारण नसताना पळत असतात."

आमचं घर ब्रेट नावाच्या एका तरुणाने घेतलं. काकांनी पहिल्याच आठवड्यात त्याला कढीपत्त्याची कुंडी दाखवली. ब्रेटने सगळं नीट ऐकून घेतलं, चावीची जागा फोनमध्ये फोटो काढून ठेवली. पोरगा फार भला. काकांचा मला फोन आला तो तक्रारीचाच होता.

"मी लिहिलं, आंघोळीला जातो. हा लिहितो, नो वरीज मेट. अरे, वरी आहे म्हणून तर सांगतोय!"

"मग त्याला हं शिकवा."

"शिकवलं. त्याला वाटतं मला सर्दी झालीये." मग थोडं थांबून म्हणाले, "तो धावेल. त्याचं ते काम ठीक आहे. तुझं तू चालू ठेवशील का?"

मी म्हणालो, "हं."

ब्रिस्बेनमध्ये घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात मेलबर्न आमच्या तासभर पुढे असतं. काकांचे सात म्हणजे आमचे सहा. त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी सहाला गजर लावून, अजून न उघडलेल्या खोक्यांच्या मधोमध फोन धरून बसलो. मेसेज नाही. सव्वासहा, साडेसहा. ब्रेटला फोन करावा म्हणून नंबर काढला. मग विचार केला, ही ड्रिल असेल. मग विचार केला, नसेल तर? सात वाजता फोन वाजला. "आंघोळीला चाललोय."

मी "हं" लिहिलं आणि खाली विचारलं, आज उशीर?

"झाली"च्या आधी उत्तर आलं. "तिकडे आत्ता सात ना? तुझी झोप कशाला मोडू."

रोज सातला आंघोळ करणारा माणूस. कारखाना सुटल्यावरही वेळ बदलली नव्हती, काकू गेल्या तरी बदलली नव्हती.

आता दोन वर्षं होत आली. मधेमधे "चाललोय" आणि "झाली" यांच्यामधलं अंतर वाढतं. "बसून करतो आता," म्हणाले, प्लास्टिकची खुर्ची आणि खाली न घसरणारं मॅट घेतलंय. मी तेवढा वेळ ओट्याला टेकून उभा राहतो. चहा निवतो. इतक्या लांबून मी दुसरं काही करू शकत नाही, आणि त्यांनी दुसरं काही मागितलेलंही नाही.

गेल्या आठवड्यात मी घरून काम करत होतो. मधुरा ऑफिसला गेलेली, इरा तिच्या खोलीत. दमट हवेने जीव नकोसा झाला होता. मी टॉवेल घेऊन पॅसेजमध्ये आलो आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "मी आंघोळीला चाललोय गं."

घर शांत. मी इराचं दार वाजवून पुन्हा म्हणालो. दार किलकिलं झालं. एका कानातला इअरफोन बाहेर आला.

"ओके? व्हाय आर यू टेलिंग मी?"

"असंच."

दार लागलं. तिची चूक नाही. मी तरी तिच्या वयात कुणाला हं म्हणालो असेन? मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. बाथरूम समोरच होती. काही वेळाने मी टॉवेल काखेत धरून फोन काढला आणि काकांना लिहिलं, "आंघोळीला चाललोय."

उत्तर लगेच आलं.

"हं. मॅट टाकलंस का?"